बंद चार्जर आणि तीन पायांचा ट्रान्झिस्टर

आमच्या मोहल्ल्यात आता हाताने भोक पाडणारा सुतार उरलेला नाही. फर्निचर, किचन ट्रॉली, पीओपी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या अशी कामे करणारी आपली कितीतरी मुले आहेत आणि प्रत्येकाच्या पिशवीत बॅटरीवर चालणारे एक ड्रिल असते. बॅटऱ्या दोन, चार्जर एक. मशीन शिडीवरून पडते, घासते, पावसात भिजते, तरी चालत राहते. पण चार्जर गेला की दोन्ही बॅटऱ्या म्हणजे नुसत्या विटा. मग मुलगा दुसऱ्याचा चार्जर उसना मागतो, तो मिळाला नाही की बाजारातला बिननावाचा स्वस्त चार्जर आणतो आणि रात्री अंथरुणाशेजारी लावून झोपतो. हे लिहिण्याचे कारण त्या शेवटच्या वाक्यात आहे.

वाचकांपैकी काहींना आमचे हे ‘आम्ही’ खटकेल. घरात लहानपणापासून ‘हम’ म्हणायची सवय; शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना तोच ‘हम’ मराठीत उतरला आणि राहिला. शिवाय या गोष्टीत आम्ही एकटे नव्हतोच. आमचा भाचा होता, आमची भाभी होती आणि एका अर्थाने आमचे भाईजानही होते.

भाईजान वायरमन होते. शिक्षण सातवीपर्यंत. संध्याकाळी रेडिओ, टेपरेकॉर्डर, पुढे टीव्ही दुरुस्त करत. टॉर्च धरायला आणि बारीक इंग्रजी अक्षरे वाचून दाखवायला आम्ही. ते नंबर विचारायचे, आम्ही वाचायचो, मग ते त्याचा अर्थ सांगायचे. बी.एड. आम्ही नंतर केले, पण शिकवणे म्हणजे काय ते बहुधा तिथेच पाहिले. २०११ साली एका कामावर ते वायरी जोडत असताना पलीकडून कुणीतरी मेन स्विच चालू केला. भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्यानंतर भाईजानांची लोखंडी पेटी भाभींनी माळ्यावर टाकली आणि मुलाने विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला. त्या नियमाला कधी कुणी हरकत घेतली नाही. आम्हीही नाही.

भाचा दहावीला विज्ञानात अडकला आणि सुतारकामाला लागला. हात चांगला आहे. यंदा त्याने सांगलीत एका घराच्या ट्रॉल्यांचे काम पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर घेतले. आगाऊ पैसे घेऊन प्लायवूड आणून टाकले आणि रमजान लागण्याआधी काम पुरे करून द्यायचा शब्द दिला. आणि मध्येच चार्जर बंद. कंपनीच्या नव्या चार्जरची किंमत त्याच्या तीन दिवसांच्या मजुरीहून जास्त आणि तो मागवायला आठवडा. म्हणून तो चार्जर घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथे ट्रान्झिस्टर बदलून मिळाला, दुकानात दिवाही लागला. घरी बॅटरी लावल्यावर चार-पाच मिनिटांत आतून फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि जळका वास सुटला. दुकानदार म्हणाला, बोर्डच गेला, फेकून दे.

भाचा तो चार्जर घेऊन आमच्याकडे आला. भाभींना सांगितले नव्हते. आम्ही आधी भाभींना सांगितले.

त्यांची बाजू आम्हाला ठाऊक होती आणि ती चुकीची नव्हती. पण आमचे म्हणणे एवढेच होते की, मुलगा रोज विजेवरच काम करतो आहे. कटर, ड्रिल, बोर्डातून ओढलेल्या उघड्या वायरी, सगळे. तो यातले काही शिकणारच, फक्त कुणासमोर शिकतो हा प्रश्न आहे. भाभी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्वतः शिडी लावून पेटी खाली काढली आणि म्हणाल्या, “मी मेन स्विचजवळ बसते.” आणि दोन रविवार त्या खरोखर तिथे बसल्या.

पेटीत मल्टिमीटर, सोल्डरिंगचे साहित्य आणि मध्यभागी टोक असलेल्या चांदणीच्या स्क्रूंसाठी लागणारे बिट होते. असे स्क्रू मुद्दाम लावतात, कुणी सहज उघडू नये म्हणून. डबा उघडला तर आत लाकडाचा पिवळा भुसा, पिठासारखा, सगळ्या बोर्डावर. सुताराच्या चार्जरला हाच पहिला रोग. भुसा हवेची वाट बंद करतो, दमट झाला की वीजही थोडीशी वाहू देतो.

इथे जरा थांबून चार्जर काय करतो ते सांगायला हवे. जुने चार्जर जड असत. त्यात लोखंडाच्या पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर असायचा, कारण घरची वीज सेकंदाला फक्त ५० वेळा हेलकावते. आताचा चार्जर हलका आहे, कारण तो आधी २३० व्होल्टची वीज चार डायोडमधून सरळ करतो, एका मोठ्या कंडेन्सरमध्ये साठवतो आणि मग एक ट्रान्झिस्टर ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. इतक्या वेगाने चालू-बंद होणाऱ्या विजेला फेराइटचा मूठभर ट्रान्सफॉर्मर पुरतो. सगळे वजन वाचते ते या एका तीन पायांच्या तुकड्यामुळे, आणि सगळा मारही तोच खातो.

साठवलेली ती वीज २३० व्होल्ट नसते. २३० हा सरासरीच्या हिशेबाचा आकडा. लाटेचे टोक त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट, आणि कंडेन्सर त्या टोकापर्यंत भरतो. प्लग काढला तरी तो भरलेला राहू शकतो. विशेषतः ट्रान्झिस्टर किंवा फ्यूज उडालेल्या चार्जरमध्ये ती वीज खर्च करणारे कुणी उरत नाही. घरात गळती पकडणारा स्विच बसवला आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: डब्यातल्या भरलेल्या कंडेन्सरपुढे त्या स्विचचा काही उपयोग नाही. भाच्याला आम्ही पहिल्यांदा शिकवले ते हेच. एक हात पाठीमागे, मीटर डीसीवर, आधी मोजायचे. २९० व्होल्ट निघाले. प्लग काढून दोन दिवस झाले होते. भाईजानांची पद्धत म्हणजे साध्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरींनी कंडेन्सर रिकामा करायचा; स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची नाही. बल्ब क्षणभर उजळला, विझला, पुन्हा मोजले, शून्य. भाभींनी तो उजेड पाहिला आणि पदर डोक्यावरून सारखा केला, बोलल्या काहीच नाहीत. ज्यांना हे मोजायची सवय नाही त्यांनी असा डबा उघडू नये, हे आम्ही स्पष्ट लिहितो.

दुकानात बसवलेल्या ट्रान्झिस्टरचा अर्धा चेहरा उडाला होता. उरलेल्या भागावर आकडे दिसत होते: १३००५. भाच्याला वाटले, आता काय, हाच नंबर आणायचा. तिथेच आम्ही त्याला थांबवले, कारण हा नंबर दुकानदाराच्या हाताचा होता, कारखान्याचा नव्हता. १३००५ आपल्याकडे जिकडेतिकडे सापडतो, जुन्या सीएफएल दिव्यांत आणि कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये. बायपोलर जातीचा चांगला ट्रान्झिस्टर आहे. पण या बोर्डाला तोच हवा होता का?

दोन जाती आहेत. बायपोलरच्या पायांची नावे बेस, कलेक्टर, एमिटर. त्याला चालू ठेवायला बेसमध्ये सतत करंट द्यावा लागतो. दुसरी जात मॉस्फेट. पाय गेट, ड्रेन, सोर्स. त्याला गेटवर फक्त व्होल्टेज पुरते. (हा मॉस्फेट १९५९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये दोघांनी मिळून केला: इजिप्तच्या पोर्ट सैदमध्ये जन्मलेले मोहम्मद अताल्ला आणि कोरियातले दावोन कांग. आमच्या वर्गातल्या मुलांना मोबाइलचे सगळे माहीत असते, ही दोन नावे माहीत नसतात.) गंमत अशी की दोन्ही जाती दिसायला सारख्या, आणि १३००५ चे पाय ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मॉस्फेटचे: बेसच्या जागी गेट, कलेक्टरच्या जागी ड्रेन, एमिटरच्या जागी सोर्स. म्हणजे चुकीचा तुकडाही भोकांत अगदी बरोबर बसतो.

नंबर नसेल तर शेजाऱ्यांना विचारायचे. वर्गात कठीण शब्द आला की आम्ही मुलांना सांगतो, मागचे-पुढचे वाक्य वाचा. इथेही तेच केले. मधल्या पायाची वाट ट्रान्सफॉर्मरकडे. पहिल्या पायाची वाट एका छोट्या रजिस्टन्समधून आठ पायांच्या आयसीकडे, सहाव्या पायाला. आयसीवर भिंगातून ३८४२ वाचता आले. हा आयसी ओळखीचा आहे; त्याचा सहावा पाय म्हणजे ट्रान्झिस्टरला हुकूम देणारा पाय, आणि तो मुळात मॉस्फेटचे गेट हलवण्यासाठी केलेला. पहिल्या आणि तिसऱ्या पायाच्या मध्ये १० हजार ओमचा एक रजिस्टन्स होता, गेटवरची वीज बंद असताना निथळून जावी म्हणून. एवढ्यावरून शंका राहिली नाही. जागा मॉस्फेटची होती, त्यात बायपोलर बसवला होता. दुकानात बॅटरीशिवाय दिवा लागला, कारण तेव्हा काम नव्हते. बॅटरी लावल्यावर काम पडले. बायपोलर बंद व्हायला वेळ लावतो, तो तापत गेला आणि फुटला. दुकानदाराला आम्ही बोल लावणार नाही. त्याच्या पुढ्यात पंधरा गिऱ्हाइके असतात आणि डबीत जे असते ते. पण आणखी एक गोष्ट दिसली ती मात्र माफ करण्यासारखी नव्हती. १३००५ च्या पाठीचा धातूचा पत्रा आतून कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणजे ३२५ व्होल्टच्या बाजूला. तो हीटसिंकवर कसताना मध्ये अभ्रकाचा तुकडा घालावा लागतो. तो घातलाच नव्हता. अख्खा हीटसिंक जिवंत, आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर बॅटरीकडे जाणारी वायर, जिच्या टोकाला भाच्याचा हात.

हे त्याला समजावताना आम्ही आवाज खाली ठेवला होता. भाभींनी तरी ऐकले.

आता कोणता मॉस्फेट, हा प्रश्न. व्होल्टेजचा हिशेब असा. साठवण ३२५ ची. ट्रान्झिस्टर बंद होतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरमधून उलट धक्का येतो. पाण्याची मोटर एकदम बंद केली की पाइप कसा धडकतो, तसा. तो धक्का मिळून ५०० च्या आसपास सहज जाते. म्हणून ६०० व्होल्टच्या खालचा घ्यायचा नाही. करंटचा हिशेब तिसऱ्या पायाखालच्या रजिस्टन्समध्ये लपलेला होता. तो जळून तुटला होता, पण रंगाचे पट्टे वाचता येत होते: पिवळा, जांभळा, रुपेरी, सोनेरी, म्हणजे ०.४७ ओम. ३८४२ आयसी या रजिस्टन्सवर जास्तीत जास्त १ व्होल्ट सोसतो, त्यापुढे ट्रान्झिस्टर बंद करतो. १ भागिले ०.४७. भाच्याने मोबाइलवर भागाकार केला: २.१ अँपिअर. म्हणजे कारखान्याने ठरवलेली कमाल दोन अँपिअरची. गरम झाल्यावर ट्रान्झिस्टरची ताकद कमी होते म्हणून दुप्पट-तिप्पट धरायचे.

मॉस्फेटचे नाव कसे वाचायचे ते कळले की दुकानात कुणी फसवत नाही. ७एन६०: सात अँपिअर, एन जातीचा, ६०० व्होल्ट. ४एन६०, ५एन६० तसेच. जपानी असेल तर अंगावर नुसते के आणि आकडे असतात. पूर्ण नावात त्याच्या आधी २एस धरायचे. सगळेच कारखाने असे सरळ नाव देत नाहीत, म्हणून डेटाशीट पाहायचीच.

“मग २०एन६० घेऊ का, फुफी? मोठा आहे, टिकेल.” हा प्रश्न चांगला होता. उत्तर असे की मोठ्या मॉस्फेटचे गेट भरायला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ तो ना धड चालू ना धड बंद राहतो आणि तिथेच तापतो. मोठी डेग आणली म्हणून चौघांची बिर्याणी लवकर होत नाही. आम्ही ७एन६० ठरवला, तोही पाठीपर्यंत पूर्ण प्लास्टिकचा, म्हणजे अभ्रकाची कटकटच नको.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली. आम्हाला आमच्याच गावात मिळाला, तीस रुपयांना एक. दोन घेतले. या धंद्यात जुने काढलेले तुकडे घासून, वर नवे नाव छापून विकतात. पाय पाहायचे, जुन्या कथलाचा डाग असेल तर परत द्यायचा. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने नाव पुसून पाहायचे, वरून रंगवलेले असेल तर कापसाला काळे लागते. मग मीटरवर: ड्रेन आणि सोर्समध्ये एका बाजूने साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो, उलट बाजूने काही नाही, गेट कुणाशीच बोलत नाही. मेलेला मॉस्फेट बहुधा दोन्ही बाजूंनी शून्य दाखवतो.

नुसता ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही, हे या कामातले खरे ज्ञान. तो फुटताना एकटा जात नाही. गेटकडचा २२ ओमचा रजिस्टन्स (लाल, लाल, काळा) तुटला होता. ०.४७ चा गेलाच होता. आयसीच्या सातव्या आणि पाचव्या पायांमध्ये तीन-चार ओम दाखवत होता, म्हणजे तोही गेला. फ्यूज काळा. आयसीला वीज पुरवणारा छोटा कंडेन्सर, ४७ मायक्रोफॅरडचा, डोक्यावर फुगला होता, आणि आमचा अंदाज असा की मूळ आजार त्याचाच. तो सुकला की आयसीला पुरेशी वीज मिळत नाही, गेटवरचा हुकूम लुळा पडतो आणि मॉस्फेट तापून जातो. यातले एकही बदलायचे राहिले असते तर तीस रुपयांचा नवा तुकडा पहिल्या सेकंदाला गेला असता. चार डायोड आणि ट्रान्सफॉर्मरजवळचा धक्का शोषणारा डायोड तपासले, ते ठीक होते. फ्यूज त्याच आकड्याचा बसवला. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा घालणाऱ्यांविषयी भाईजान जे म्हणायचे ते या मासिकात लिहिता येणार नाही.

सोल्डरिंग भाच्याने केले. पहिले दोन टाके ओबडधोबड, तिसऱ्यापासून चमकदार. लाकडात हात बसलेल्या माणसाला उष्णतेचा अंदाज लवकर येतो. आमच्या मिरजेत हत्यारे उजळणारे शिकलगार पुढे सतार-तंबोरे करू लागले, ते काही शाळेत शिकून नव्हे.

चालू करताना सरळ प्लग लावला नाही. मध्ये ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखत राहतो आणि चार्जर वाचतो. सगळे ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. भाभींना आम्ही विचारले, चालू करू का? त्यांनी स्वतःच बटण दाबले. बल्ब पेटला, मंद झाला, विझला. चार्जरवर हिरवा दिवा लुकलुकला. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावले तर भाचा घाबरला, कारण व्होल्ट जवळजवळ काहीच नव्हते; पण लिथियमचे बरेच चार्जर बॅटरी ओळखल्याशिवाय वीज सोडत नाहीत. मग बल्ब काढून बॅटरी लावली. १८ व्होल्टच्या बॅटरीत पाच सेल ओळीने असतात, भरल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणजे २१. दिवा स्थिर झाल्यावर मोजले तेव्हा २०.९ होते. तासभर आम्ही तिघे त्या डब्याकडे पाहत बसलो. मध्ये चहा झाला.

एकूण खर्च दीडशेच्या आत आला. ट्रॉल्यांचे काम शाबानच्या शेवटच्या आठवड्यात पुरे झाले. उरलेला दुसरा ७एन६० भाच्याने कागदात गुंडाळून पेटीत ठेवला, कागदावर उर्दूत तारीख आणि आकडे लिहून. आयसीचे आठ पाय कोणते काय करतात ते त्याने वहीत उतरवून घेतले आहे. आम्ही इंग्रजी डेटाशीट वाचून दाखवली, अर्थ त्याने बोर्डावर बोट ठेवून सांगितला.

चार्जर आता कडप्प्याच्या ओट्यावर असतो. आसपास भुसा नाही, फडके नाही, अंथरूण नाही. महिन्यातून एकदा प्लग काढून त्याच्या जाळीवर ब्रश फिरवायचा, हे काम भाच्याचे. झोपायच्या आधी बॅटरी काढायची आणि बटण बंद करायचे, हे भाभी कुणावर सोडत नाहीत.